जनगणनेत पणजोबा शोधताना या चुका टाळा

गेल्या गणपतीत लंडनचा चुलतभाऊ घणसोलीच्या घरी आला होता. आरती झाल्यावर त्याने मोबाइलवर एक पान उघडून दाखवलं. तिकडच्या १९२१ सालच्या जनगणनेतलं, त्याच्या बायकोच्या पणजोबांचं घर. प्रत्येकाचं नाव, वय, जन्मगाव, कोण कोणाकडे कामाला होतं तेसुद्धा, आणि खाली कुटुंबप्रमुखाची सही. काकू ते पान बघत म्हणाल्या, "आपल्या म्हाताऱ्यांचं असं मिळेल का गं कुठे?"

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. नवी मुंबईतल्या बेलापूर पट्टीत घराण्याचे कागद शोधणारे पुष्कळ आहेत. कोणाला नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारस जोडायचे असतात, कोणाला मुलीच्या जात पडताळणीसाठी जुनी नोंद हवी असते, कोणाला नुसतं जाणून घ्यायचं असतं की आपण मूळचे कुठले. आमच्या घराची वंशावळ मी सहा पिढ्यांपर्यंत नेली. त्यात जो वेळ वाया गेला तो बहुतेक खाली सांगितलेल्या चुकांमुळेच गेला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माणसाचं नाव जनगणनेत शोधणं

ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. प्रगणक दारात येऊन नावं लिहून घेतो हे खरं, पण ते कागद पुढे कोणालाही दाखवले जात नाहीत. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे ते पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही ते चालत नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करूनही त्यातून काही हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी कुटुंबांची पानं लोकांना खुली होतात. अमेरिकेची १९५० ची जनगणना त्याप्रमाणे एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे अशी मुदतच नाही. आपल्याला मिळतात ते छापलेले आकडे. (सगळं तिकडेही मिळत नाही. इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत गेले आणि १९४१ साली युद्धामुळे मोजणीच झाली नाही.)

हे ठाऊक नसलं की माणूस फसतो. आमच्या नात्यातल्या एका काकांनी एका एजंटाला चांगली रक्कम मोजून "१९३१ च्या जनगणनेचा उतारा" आणला होता. पिवळा पडलेला कागद, गोल शिक्का, पणजोबांचं नाव आडनावासकट, जात, आणि शेवटी "ता. पनवेल, जि. रायगड". तो कागद हातात घेतला आणि माझी नजर त्या शेवटच्या शब्दावरच खिळली. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. १९३१ साली तो कुलाबा जिल्हा होता. ज्याने तो उतारा लिहिला त्याने तो आपल्या काळात बसून लिहिला होता. काकांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवला होता.

१९३१ सालच पुढे केलं जातं याला कारण आहे. सगळ्या जातींची मोजणी होऊन छापली गेली ती त्या वर्षी शेवटची. पण मुंबई इलाख्याच्या त्या खंडात कोणत्या भागात कोणत्या जातीचे किती लोक एवढंच आहे, माणसांची नावं नाहीत. जात पडताळणीला लागतो तो वेगळाच पुरावा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, आणि तो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, महसुली कागदांत किंवा कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंच्या नोंदवहीत, मिळतो. तेव्हा जनगणनेचा उतारा काढून देतो म्हणणाऱ्या माणसाला एक पैसाही देऊ नका.

नाव नाही म्हणून आकडेही टाकून देणं

नाव नाही हे कळलं की लोक जनगणना बंद करून ठेवतात. मला हे पटत नाही. कोणत्या गावात, कोणत्या तालुक्यात, किती घरांमध्ये शोधायचं, हे जनगणनाच सांगते.

१९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते. त्यात तालुकावार गावांची यादी असते, प्रत्येक गावापुढे क्षेत्रफळ, घरं, लोकसंख्या, साक्षर किती. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुने खंड फुकट वाचता येतात. आपल्या गावाची ओळ काढा आणि आधी घरांचा आकडा बघा. गावात साठ-सत्तर घरं असतील तर कोतवाल बुकातली त्या गावाची सगळी पानं ओळीने वाचून काढा. एका दिवसात सगळं गाव डोळ्यांसमोर उभं राहतं, भाऊबंद आपोआप जुळतात. घरं पाचशेच्या वर असतील तर तसं जमणार नाही, मग आळी, पाडा, सर्व्हे नंबर असं काहीतरी हाताशी घेऊनच जा. हा साधा हिशेब मला उशिरा सुचला.

आकडे काळही सांगतात. आजी नेहमी म्हणायची, "माजा बापूस मानमोडीन गेला." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. १९११ आणि १९२१ चे आकडे शेजारी ठेवले तर मुंबई इलाख्याची लोकसंख्या वाढायच्या जागी घटलेली दिसते, त्या साथीचा त्यात मोठा वाटा आहे. मी तेवढ्यावरून १९१८ च्या पावसाळ्यानंतरची मृत्यूची पानं मागवली. एरवी महिन्याला दोन-तीन नावं असलेल्या गावात ऑक्टोबरच्या पानावर एकाच दिवशी चार-चार नावं होती, कारणाच्या रकान्यात सगळीकडे "ताप", आणि लिहिणाऱ्याचं अक्षर खाली खाली घाईचं होत गेलेलं. त्यातच आजीचे वडील मिळाले. वय तीस.

आजचा नकाशा जुन्या सालावर ठेवणं

ठाणे जिल्ह्याइतकी काटछाट फार थोड्या जिल्ह्यांची झाली असेल, आणि इथे सर्वांत जास्त लोक अडकतात.

कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये ठाण्यातून निघाला. तेव्हाही पनवेल आणि उरण ठाण्यातच राहिले. ते १८८३ मध्ये कुलाब्याला जोडले गेले आणि कर्जत १८९१ मध्ये गेलं. १९२० मध्ये साष्टी तालुक्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण साष्टीची ८४ गावं मुंबई उपनगर जिल्ह्यात गेली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आता याचा अर्थ लावा. तुमचे पूर्वज पनवेलचे असतील तर १८८१ च्या जनगणनेत त्यांचा तालुका ठाण्यात, १९०१ मध्ये कुलाब्यात. अंधेरी-कुर्ल्याकडचे असतील तर १९११ पर्यंत ठाण्याचा खंड बघायचा. वसई, वाडा, जव्हार शोधायचं तर २०११ चा खंड ठाण्याचा. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख छापली आहे, पण त्यात पालघरचे जवळपास ३० लाख आहेत. आजच्या ठाण्याशी तो आकडा ताडून पाहिला तर निष्कर्ष चुकणारच.

"आमचं गाव यादीतच नाही" ही तक्रार नवी मुंबईतून हमखास येते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवं शहर ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या गावांच्या जमिनीवर वसलं. नवी मुंबई महापालिका १९९२ पासून चालू झाली. गाव महापालिकेत गेलं की ते गावांच्या यादीतून निघतं आणि शहराच्या प्रभागांत मिसळतं. तेव्हा घणसोली, तुर्भे, शिरवणे, करावे अशी गावं १९६१ किंवा १९७१ च्या पुस्तिकेत, ठाणे तालुक्यात बघा. नोड (सिडकोच्या वसाहती) आणि सेक्टरची नावं त्यात मिळणार नाहीत. वडीलधाऱ्यांना मूळ गावठाणाचं नाव विचारून घ्या. ब्रिटिश काळातल्या इंग्रजी खंडांत नावांची स्पेलिंगं वेगवेगळी असतात. नाव मोठ्याने वाचा, कानाला ओळखू येतं.

आडनावावरून शोधणं

पट्टीतल्या कुठल्याही गावात जा, पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर यांनीच गाव भरलेलं. शिवाय जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतंच. तिथे असतं "काळू वल्द धाकू" किंवा "काळू बिन धाकू", म्हणजे धाकूचा मुलगा काळू. बाईचं नाव "सखू कोम काळू" किंवा "सखू भ्र. काळू", म्हणजे काळूची बायको. आडनाव पुष्कळदा शाळेत नाव घालताना कायम झालं, आणि दोन सख्ख्या भावांची मुलं दोन आडनावांनी शाळेत गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मग नावांवरून शोधताना दुसरा गुंता होतो. आपल्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. काळूचा धाकू, धाकूचा काळू, पुन्हा काळूचा धाकू. घाईत बघितलं तर दोन पिढ्या गळून पडतात आणि आजोबाच्या जागी खापरपणजोबा बसतो. म्हणून फक्त बापलेकाच्या जोडीवर विसंबू नका. बायकोचं नाव, सर्व्हे नंबर किंवा भावाचं नाव, यांतलं एक तरी जुळलंच पाहिजे.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे तो मुलगाच नाही, असंही धरू नका. जुन्या उताऱ्यांवर एका नावापुढे "ए.कु.मॅ." दिसेल, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्याचं नाव लागलं, धाकटे भाऊ त्याच्याच पोटात. "अ.पा.क." असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस लहान होता आणि आई किंवा चुलता सांभाळत होता. खरी गोष्ट फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीत, लिहिलेली असते: कोण मयत, कधी मयत, मागे वारस कोण. त्यात मुलींचीही नावं मिळतात. सातबाऱ्याच्या आधी फेरफार मागा, हे मी सगळ्यांना सांगते.

वडिलांच्याच गावात जन्म शोधणं

यात माझे दोन उन्हाळे गेले. वडिलांचा जन्म घणसोलीचा असं सगळे सांगायचे. ठाणे तहसीलच्या कागदांत १९३५ ते १९४२ ची पानं दोनदा पाहिली, धाकट्या काकांची नोंद मिळाली, आत्याची मिळाली, वडिलांची नाही. शेवटी आत्या सहज बोलून गेली, "दादा पयला ना, तो मामाकडं झाला." पहिलं बाळंतपण माहेरी! आजीचं माहेर पनवेलजवळ, म्हणजे तालुका वेगळा, जिल्हा वेगळा. तिथल्या गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, नोंद पहिल्याच दिवशी मिळाली. त्याच गावाच्या पानांत आधी सांगितलेला १९१८ चा मृत्यूही होता.

म्हणून कागद काढायला निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक आजी-पणजीचं माहेर लिहून काढा. माहेरचं नावही विचारा, कारण लग्नात नाव बदललेलं असतं आणि सासरच्या नावाने तिचा जन्म कुठेच सापडणार नाही. हे सांगू शकणारी माणसं आता घरोघरी एक किंवा दोनच उरली आहेत. तहसील कुठे जात नाही, आधी त्यांच्याकडे जा.

वय अक्षरशः खरं मानणं

जुनी वयं अंदाजाची असतात. जनगणनेच्या वयांच्या तक्त्यांत शून्य आणि पाचावर संपणारी वयं डोंगरासारखी उंच दिसतात, कारण लोक तीस, पस्तीस, चाळीस असंच सांगत. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने घातलेली तारीख. पाच वर्षं मागे आणि पाच पुढे धरून चला.

अर्ज आणि मोडी

नकलेचा अर्ज करताना "आमच्या पूर्वजांच्या सर्व नोंदी" असं लिहिलं तर तो तसाच पडून राहतो. गाव, तालुका, कागदाचा प्रकार आणि सालं लिहा, उदाहरणार्थ गाव नमुना १४, १९१५ ते १९२५. तालुका त्या काळी कोणता होता हेही लिहा; दप्तरखान्यातली बांधणी जुन्या तालुक्याने असू शकते. जुनी पानं मोडीत निघाली तर घाबरू नका, आणि अंदाजाने वाचूही नका. मोडीत शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नसतं, त्यामुळे नवख्याला एका नावाचं दुसरंच वाचलं जातं. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाची नक्कल त्याला जोडून ठेवा.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि यावेळी जातीचीही मोजणी व्हायची आहे. आपण दिलेली उत्तरं आपल्या नातवंडांनाही बघायला मिळणार नाहीत, कलम १५ तेव्हाही असेलच. आमच्या घरी मी दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. प्रगणकाला जे सांगू ते त्याच दिवशी त्यात उतरवायचं: घरात त्या दिवशी असलेला प्रत्येक जण, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आणि प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचं माहेरचं नाव आणि गाव. पहिल्या पानावर काकूंनी स्वतःच्या हाताने आपलं माहेरचं नाव लिहिलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिलं म्हणाल्या.