फँटसी-सस्पेन्स वाचून झाली, आता खरं मत कसं द्यायचं

राजेहो, आपल्याकडे कादंबरी कशी आहे विचारलं की दोनच उत्तरं येतात, "भारी आहे" नाहीतर "बोर आहे". यानं समोरच्याला काहीच समजत नाही. सोयाबीनचे पैसे आल्यावर एखादाच पोरगा हिंमत करून पुस्तक मागवते, त्याला हे कळलं पाहिजे की पुस्तक तुम्हाला नेमकं कुठं धरून ठेवते अन कुठं सोडते. सध्या मी एकामागून एक फँटसी अन सस्पेन्सच वाचून राहिलो, तर त्याच पुस्तकांवरून सांगतो.

वाचतानाच खुणा करा. वाचनालयाच्या पुस्तकात पेन चालवू नका, मोबाईलच्या नोट्समध्ये पान नंबर अन एक शब्द पुरे: "झोप उडाली", "इथं मोबाईल पाहिला", "हे नाव कोणाचं". शेवटी मत लिहायला बसता तेव्हा फक्त शेवट डोक्यात असते, मधली दीडशे पानं कशी ओढली ते पार विसरून जाते. अन आपण कुठं बसून वाचतो त्याचाही फरक पडते बरं का. रानडुकरं येतात म्हणून वावरात जागलीला बसलात, हातात भुताची कादंबरी अन तुरीत काहीतरी खसखसलं, तर अर्धी भीती त्या वावराची असते, लेखकाची नाही. तेच प्रकरण दिवसा एकदा घरी वाचा, तरी अंगावर काटा आला तर लेखकाला पूर्ण मार्क द्या.

आता सस्पेन्स. माझ्या मते यात सगळ्यात महत्त्वाचं काम शेवट कळल्यावर सुरू होते, पहिली दोन-तीन प्रकरणं परत वाचायची, मगच तोंड उघडायचं. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकानं 1929 मध्ये डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहून ठेवले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच कुठंतरी आलेला पाहिजे, अन दहावा असा की जुळे भाऊ असतील तर वाचकाला आधी तशी कल्पना दिली पाहिजे. म्हणजे शेवटच्या पानावर कोणीतरी नवाच माणूस आणून उभा केला तर ती वाचकाची फसवणूक झाली. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वर 1926 ला हाच वाद झाला की बाईनं फसवलं का, पण परत वाचून पाहा, सगळं तिथंच समोर ठेवलेलं आहे, आपणच पाहत नाही. याला म्हणतात हिंमत.

'द सायलेंट पेशंट' (2019) ला मी हीच परीक्षा लावली. चित्रकार बायको नवऱ्याला गोळ्या घालते अन त्यानंतर एक शब्द बोलत नाही, एक थेरपिस्ट तिला बोलतं करायला येते. परत वाचल्यावर शेवट बरोबर बसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मधात तिची जी डायरी आहे तिच्यात पानंच्या पानं संवाद आहेत, कोणती बाई स्वतःच्या डायरीत अशी सगळी बोलणी शब्दाला शब्द लिहिते? अन आजूबाजूची तीन-चार माणसं फक्त आपला संशय भलतीकडे न्यावा म्हणून उभी केली आहेत, काम झालं की लेखक त्यांना विसरते. तरी एकदा वाचाच म्हणेन, दोन रात्रीत संपते.

'गॉन गर्ल' (2012) चं वेगळं. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको गायब, एक प्रकरण नवऱ्याचं, एक बायकोचं, अन मधात पुस्तक असं पलटी मारते की मागची पानं परत चाळावी लागतात. याचा शेवट खूप लोकांना आवडत नाही. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, शेवट आवडला नाही अन शेवट खोटा वाटला या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मलाही तो शेवट गोड लागला नाही, पण त्या दोघांचे स्वभाव पाहता दुसरं काही होऊच शकत नव्हतं. मतात हे दोन्ही लिहा.

फँटसीला मात्र "असं कुठं असते काय बावा" म्हणून मोडीत काढू नका. तिथं ड्रॅगन असणारच. तपासायचं एवढंच की लेखकानं स्वतः घातलेले नियम पाळले का. ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकानं 2007 मध्ये फार कामाची गोष्ट सांगितली, जादू वाचकाला जेवढी समजलेली असते तेवढ्याच जोरावर लेखकानं तिच्यानं अडचणी सोडवाव्या. हीरो मरायला टेकला अन अचानक त्याच्या हातातून नवीनच वीज निघाली, तर मागची सगळी भीती वाया गेली ना.

'फोर्थ विंग' (2023) मध्ये नियम सुरुवातीला पक्का सांगितला, ड्रॅगन मेला तर त्याचा स्वारही मरते, म्हणून आकाशातल्या प्रत्येक लढाईत खरंच जीव टांगणीला लागते. नाजूक हाडाची पोरगी, पुस्तकात रमणारी, अन सेनापती आई तिला जबरदस्तीनं स्वारांच्या कॉलेजात ढकलते, हा भाग मला मनापासून आवडला. पण बाहेर जे युद्ध चालू आहे ते फार पातळ, राज्य कसं चालते, लोक खातात काय, शेती कोण करते, काही दिसत नाही. अन प्रेमप्रकरण बरीच जागा खाते, मोठ्यांसाठीचे प्रसंगही आहेत. कव्हरवर ड्रॅगन पाहून आठवीतल्या पोराच्या हातात देऊ नका, अशी ओळ तुमच्या मतात आलीच पाहिजे.

पुस्तकांची मालिका असेल तर पूर्ण झाली का तेही सांगा. 'गेम ऑफ थ्रोन्स' पुस्तक 1996 चं, पाचवा भाग 2011 ला आला अन मग वाचक वर्षानुवर्षं वाट पाहत बसले.

मराठी अनुवाद वाचला असेल तर दोष नेमका कोणाचा ते वेगळं करा. वाक्य अडखळते तो अनुवादाचा प्रश्न, माणसं खोटी वाटतात तो लेखकाचा. इंग्रजीतून वाचली असेल तरी लिहा, कारण डिक्शनरी पाहत वाचलेलं पुस्तक जरा जास्तच हळू वाटते. नारायण धारपांची 'लुचाई' ही भयकादंबरी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे सांगून टाकायचं, लपवायचं काहून? पण वातावरण त्यांनी आपलं केलं, तेही सांगायचं. मला तर ती आजही भिडते.

लिहिताना गोष्ट चार ओळीत, तीही पहिल्या पन्नास पानांपुरतीच. खुनी कोण, कोण मेलं, काहीच नाही. "शेवटी धक्का आहे" हेही लिहू नका, मग माणूस पूर्ण पुस्तक धक्क्याचीच वाट पाहत वाचते. पुढे काय आवडलं, काय नाही, अन कोणाला आवडेल. अर्धवट सोडली असेल तर किती पानांवर सोडली ते सरळ लिहा, तेही मतच आहे.

अन गावच्या वाचनालयासाठी एक जाड वही मागून घ्या, पुस्तक परत करताना त्यात चार ओळी लिहायच्या. पानं शाबूत आहेत का तेही तिथंच लिहा. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंझार-काळापहाडच्या जुन्या रहस्यकथा हातोहात फिरून फाटतात, अन शेवटचं पान नाही हे घरी नेल्यावर समजते.