मेक्सिकोत मनसोक्त खायचंय? मग निघायच्या आधी एवढं करून ठेवा

महिनाभर आधी डॉक्टरकडे एक चक्कर मारा, टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए च्या लसी झाल्यात का ते बघा, आणि पोट फारच बिघडलं तर कोणतं अँटिबायोटिक घ्यायचं ते तेव्हाच लिहून आणि विकत घेऊन ठेवा, कारण मेक्सिकोत २०१० पासून ते चिठ्ठीशिवाय देत नाहीत. बॅगेत ओआरएसची पाकिटं, लोपरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) आणि हँड सॅनिटायझर. "आपलं पोट पाणीपुरीवर पोसलंय, आपल्याला काय होतंय" हे वाक्य मात्र घरीच ठेवून जा. पोटाला सवय असते ती इथल्या जंतूंची, तिथले वेगळे.

शाकाहारी असाल तर तयारी डबल. नुसतं 'सोय बेहेतारियानो' म्हणून भागत नाही, चिकन आणि हॅमला मांसात न धरणारे लोक तिथे भेटतात, आणि खरी गोची तर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. घोटलेल्या फ्रिहोलेसमध्ये (घेवडा हो) बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला मांतेका म्हणतात, तामालेसच्या (मक्याच्या पिठाचे वाफवलेले रोल) पिठातही तीच, भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो आणि मोलेमध्ये (मिरची-मसाल्याची घट्ट ग्रेव्ही) बहुतेक ठिकाणी चिकनचा स्टॉक. त्यामुळे फोनमध्ये 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो' (म्हणजे मांस, चिकन, चरबी, चिकनचं पाणी, काहीच नको) एवढं स्पॅनिशमध्ये, रोमन लिपीत लिहून ठेवा आणि ऑर्डर देताना सरळ स्क्रीन पुढे करा. दक्षिणेतल्या वाहाकात (Oaxaca) त्लायुदा खाणार असाल तर बाई कामाला लागायच्या आत 'सिन असिएंतो' म्हणा, कारण त्या भल्यामोठ्या तोर्तियावर सगळ्यात आधी हात फिरतो तो याच तपकिरी चरबीचा, त्यावर फ्रिहोलेस, त्यावर केसिओ चीज, आणि एकदा लावलं की ते काय पुसून काढणार! घाबरू नका पण, भोपळ्याच्या फुलांची केसादिया, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, पावसाळ्यात मिळणारं वितलाकोचे (मक्यावरची काळी बुरशी, ऐकायला कसंतरी वाटतं पण खाऊन बघाच), अंडं चालत असेल तर युकातानचे पापाद्सुलेस, भरपूर आहे.

नॉनव्हेज खाणाऱ्यांनीही थोडा अभ्यास करावा, विशेषतः बीफ किंवा पोर्क चालत नसेल तर. 'रेस' म्हणजे बीफ आणि 'सेर्दो' किंवा 'पुएर्को' म्हणजे डुक्कर. अल पास्तोर आणि कोचिनिता पिबिल दोन्ही डुकराचे, सुआदेरो बीफचं, आणि वाहाकाच्या २० दे नोविएंब्रे मार्केटमधल्या त्या धुराने भरलेल्या बोळात भाजून मिळणारा तासाहो बीफचाच. बिरिया (मांसाचा रस्सा) हालिस्कोत बकऱ्याची असते पण तिहुआनात बहुतेक बीफची, म्हणजे नाव तेच पण गाव बदललं की मांस बदललं, म्हणून दर वेळी विचारायचं.

खाण्याची गाडी कशी निवडायची? तिथल्याच लोकांची गर्दी आहे का, कोमालवरून (तव्यावरून) थेट ताटात येतंय का, आणि पैसे घेणारा हात वेगळा आहे का, एवढं बघा. बऱ्याच गाड्यांवर प्लास्टिकच्या ताटलीला पातळ पिशवी घातलेली दिसेल, गिऱ्हाईक उठलं की पिशवी फेकायची आणि नवीन घालायची, म्हणजे ताटली कुठल्या पाण्यात विसळली हा प्रश्नच मिटला. मला तर ही आयडिया फार आवडते, कचरा होतो हे कबूल. धोका गरम टाकोत कमी आणि उन्हात उघड्या ठेवलेल्या साल्सात, चिरलेल्या कोथिंबीर-कांद्यात जास्त, आणि वरून लिंबू पिळलं, तिखट घातलं म्हणून जंतू मरत नाहीत. तिखटाचं म्हणाल तर युकातानात जरा जपून, हालापेन्यो मिरची अडीच ते आठ हजार स्कोव्हिलची (तिखटपणाचं माप) आणि तिथली हाबानेरो एक ते साडेतीन लाखांची, त्यामुळे कोल्हापूरकर असलात तरी पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर घ्या.

नळाचं पाणी नाही म्हणजे नाही, दात घासायलासुद्धा बाटलीचंच. बर्फ मधे आरपार भोक असलेला नळकांडी असेल तर तो बहुतेक फॅक्टरीतला शुद्ध पाण्याचा, फोडलेल्या लादीचा असेल तर सोडा. तेहाते या वाहाकाच्या पेयावर मात्र विचार करावा लागतो. मका, कोको, मामेची बी आणि एक सुगंधी फूल वाटून बाई कोपरापर्यंत हात घालून ते मळते, वरून गार पाणी ओतत जाते आणि पांढरा फेस वर आला की रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीत देते. फारच सुंदर, पण सगळा खेळ पाण्याचा, म्हणून 'आग्वा पुरिफिकादा?' विचारायचं आणि बाजूला २० लिटरचा गाराफोन (पाण्याचा जार) दिसला तर बिनधास्त प्यायचं.

मेस्काल ही तिथली दारू लेबलवाल्या सीलबंद बाटलीतली घ्या किंवा नीट माहितीतल्या ठिकाणी प्या. २०२० मध्ये भेसळीच्या दारूने मेक्सिकोत शंभराहून जास्त माणसं गेली, त्यामुळे रस्त्याकडेची बिननावाची स्वस्त बाटली नकोच. पिऊन नजर धूसर झाली तर हँगओव्हर समजून झोपू नका, ९११ लावा. बरोबर संत्र्याच्या फोडीवर जे लालसर मीठ येतं त्यात अळ्या वाटलेल्या असतात, व्हेज मंडळींनी बघून घ्या. आणि मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्याही कितीतरी वर, तिथे पहिल्या संध्याकाळी दारू आणि भरपेट जेवण दोन्ही बेतानं.

कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर चापुलिनेस, म्हणजे भाजलेले नाकतोडे, चाखूही नका, तीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते. गरोदर बाईने कच्च्या दुधाचं ताजं चीज टाळावं.

एवढं करूनही पोट बिघडलं तर ओआरएस सुरू करा, संपलं तर दुकानात 'सुएरो' मागा. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर लोपरामाइड घेऊ नका, डॉक्टर गाठा. बऱ्याच फार्मसींना लागूनच छोटा दवाखाना असतो, 'कोन्सुल्तोरियो' अशी पाटी बघा, फी फार नसते आणि चिठ्ठीही तिथेच मिळते.