स्टिअरिंग तिरकं, दोष मागच्या चाकात: अलाइनमेंट करताना या चुका टाळा

गाडी सरळ चालली आहे, पण स्टिअरिंग थोडं उजवीकडे झुकलेलं. टायरवाला पुढचे टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) फिरवून ते सरळ करून देतो. आपण खूश. काही महिन्यांनी मागच्या टायरची एक कड खाल्लेली दिसते.

सगळ्यात मोठी चूक हीच, मागची चाकं न मोजता पुढच्या चाकांना हात लावणं. ‘मागे काही सेटिंगच नसतं’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. स्विफ्ट, होंडा सिटी अशा गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) असतो, त्यात टो (वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय) किंवा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक किती कललंय) बदलायची सोय सहसा नसते. पण सेट होत नाही म्हणून मोजायचंही नाही? सेन्सर चारही चाकांना लावायला सांगा आणि काम सुरू होण्याआधीचे आकडे छापून मागा.

त्या कागदावर नुसता एकूण टो पाहू नका. समजा मागचं डावं चाक अधिक २० मिनिटं (म्हणजे आत वळलेलं; इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि उजवं उणे १० मिनिटं (बाहेर वळलेलं). बेरीज अधिक १०, बहुधा हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत. प्रत्यक्षात दोन्ही चाकं उजवीकडे तोंड करून बसलीत. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा गाडीच्या मधल्या रेषेशी कोन) निघतो दोन्हींतल्या फरकाच्या निम्मा, १५ मिनिटं, म्हणजे पाव अंश. मागचा भाग उजवीकडे सरकू पाहतो, गाडी डावीकडे वळू पाहते, आणि तिला सरळ ठेवायला तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे धरता. स्टिअरिंगचं गुणोत्तर साधारण १५ धरलं (म्हणजे चाक एक अंश वळायला स्टिअरिंग १५ अंश फिरवावं लागतं) तर हातात जवळजवळ चार अंशांचा तिरकेपणा येतो. डोळ्यांना सहज दिसतो.

गाडी ओढणं वेगळं. स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी एका बाजूला जात असेल तर आधी हवा तपासा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा (एकाच दिशेने फिरणारे नसतील तर). ओढ बाजू बदलली, तर दोष टायरचा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडची किंचित ओढ मनावर घेऊ नका.

मागून घुंऽऽ आवाज आला की लगेच बेअरिंग बदलू नका. टायरवरून तळवा आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर संशय टोवर. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा आवाज बहुतेकदा वळणावर वजन एका बाजूला गेलं की बदलतो. घाईने टायर रोटेशनही करू नका. खाल्लेले टायर पुढे गेले की पुरावा गेला.

आकडे खरंच बाहेर असतील, तर बीमचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा) आणि रिम बघा. खड्डा किंवा फुटपाथची कड जोरात लागली असेल तर आधी त्याच बाजूला. किरकोळ फरकाला काही गाड्यांत शिम (मध्ये बसवायच्या पातळ चकत्या) चालतात. बीम तापवून, ठोकून सरळ करणाऱ्याकडे मात्र गाडी देऊ नका. वाकला असेल तर बदलायचा. एक्सयूव्ही ७०० सारख्या मल्टिलिंक गाडीत (मागचं प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं) मागचा टो बसवता येतो, पण आधी मागचा, नंतर पुढचा.

स्टिअरिंग काढून एक दात पुढे-मागे बसवून देतो म्हणणारेही भेटतील. त्यात एअरबॅग असते. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत तर अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागू शकतो, ते गाडी ताब्यात घेण्याआधीच विचारा.