डिस्क एरर येतेय? आधी केबल बदलून बघा

मोठी फाइल कॉपी करताना कॉम्प्युटर मध्येच अडकतो, डिस्क एरर येते आणि आपण नवी डिस्क घ्यायला निघतो. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी७ ची ओळ बघा: यूडीएमए सीआरसी एरर काउंट, म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यात डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा असतो.

आकडा लिहून ठेवा. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, नवी केबल लावा. क्लिपवाली असेल तर उत्तम, ती सैल होत नाही. मग तीच फाइल कॉपी करून आकडा पुन्हा बघा. तो शून्यावर येणार नाही, वाढायचा थांबला की काम झालं. तरीही वाढला तर मदरबोर्डवरचा पोर्ट बदला.

०५ किंवा सी५ या ओळींचा आकडा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांची मोजणी) वाढत असेल तर मात्र डिस्कच खराब होतेय. अशा वेळी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू नका, आधी बॅकअप घ्या.