आयर्लंडमध्ये नवीन आलात? आधी घराजवळचा रिंगफोर्ट शोधा

पहिला लाँग वीकेंड आला की नवीन मंडळी अटलांटिक किनाऱ्यावरच्या मोहरच्या कड्यांकडे निघतात. जरूर जा, पण इथल्या दंतकथांची गोडी लागायला त्याहून स्वस्त आणि जवळचा रस्ता आहे. इथली कथा अधांतरी नसते. ती अमक्या टेकडीची, तमक्या उताराची, कुणाच्या तरी शेतातल्या एका दगडाची असते. म्हणून सुरुवात घराजवळच्या रिंगफोर्टपासून, म्हणजे मातीच्या गोल बांधाच्या जुन्या आवारापासून करा.

आर्किऑलॉजी डॉट आय ई या सरकारी संकेतस्थळावर ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर’ नावाचा फुकट नकाशा आहे. त्यात आपलं गाव मोठं करून पाहा. लाल ठिपके दिसतील. ठिपक्यावर क्लिक केलं की स्मारकाचा प्रकार आणि बऱ्याचदा वर्णनही मिळतं. ‘रिंगफोर्ट – रॅथ’ असं लिहिलेलं निवडा. मग उपग्रहचित्र लावा. शेताच्या मधोमध झाडांचं गोल कडं दिसलं तर जागेवर पाहण्यासारखं काही शिल्लक आहे. नवीन माणूस हमखास फसतो तो इथेच. वर्णनात ‘जमिनीवर काही दिसत नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तिथे नुसतं गवत असणार. बरीच स्मारकं नांगराखाली सपाट झालीत, ठिपका मात्र राहिलाय. गावाच्या नावात रॅथ, लिस किंवा डून (अशा आवारांसाठीचे आयरिश शब्द) असेल तर शोध बहुधा लवकर संपतो.

रिंगफोर्ट म्हणजे साधारण इ.स. 500 ते 1000 या काळातलं शेतकरी कुटुंबाचं आवार. गोल मातीचा बांध, बाहेर चर, व्यास बहुतेक वेळा 30 मीटरच्या आसपास. लांडगे आणि गुरं पळवणाऱ्या टोळ्या यांच्यापासून जनावरं वाचवायला ही सोय. देशभरात अशी सुमारे 45,000 ठिकाणं नोंदलेली आहेत. राहणारे गेले आणि लोकांनी ती जागा पऱ्यांच्या नावावर करून टाकली, म्हणून बोलीत ‘फेअरी फोर्ट’. आतलं हॉथॉर्नचं काटेरी झाड कुणी तोडत नाही. आपल्या देवराईत फांदी मोडत नाहीत, तसंच. 1999 मध्ये क्लेअर काउंटीत लटून इथल्या अशाच एका झाडासाठी नव्या रस्त्याच्या आराखड्यात बदल करावा लागला. काही रिंगफोर्टांत बाप्तिस्मा न झालेली तान्ही मुलंही पुरली आहेत, त्यामुळे आत बसून डबे उघडू नका, दगड रचू नका.

आता मुख्य अडचण. नकाशावर ठिपका आहे म्हणजे जायची परवानगी आहे, असं मुळीच नाही. इथे दुसऱ्याच्या शेतातून मोकळेपणी फिरण्याचा कायदेशीर हक्क नाही. घराचं दार वाजवून विचारा. बहुतेक शेतकरी हो म्हणतात, वर कथाही सांगतात. गेट बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. कुंपणाच्या तारेत वीज असू शकते, हात लावू नका. वसंतात मेंढ्यांना कोकरं होतात तेव्हा कुत्रा नेणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे. जुनी वस्तू सापडलीच तर उचलू नका. 96 तासांच्या आत राष्ट्रीय संग्रहालयाला कळवावं लागतं.

कथा कुठे मिळतील? डूखस डॉट आय ई या संकेतस्थळावर. 1937 ते 1939 या काळात शाळेतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवलं, ते सगळं तिथे आहे. काउंटी आणि मग शाळा निवडा. गावाच्या नावाने शोधलं तर स्पेलिंगमुळे बरंच हातचं निसटतं. हा संग्रह आयर्लंड प्रजासत्ताकाच्या 26 काउंटींचाच आहे, उत्तर आयर्लंडचा नाही.

मोठ्या ठिकाणांपैकी न्यूग्रेंज पहिलं. सुमारे इ.स.पू. 3200 चं थडगं, आत 19 मीटर लांब अरुंद वाट. दारावरच्या झरोक्यातून 21 डिसेंबरच्या आसपास सूर्योदयाचा किरण आतल्या खोलीत पोचतो, सुमारे 17 मिनिटं. त्या दिवसांच्या जागा लॉटरीने मिळतात, आणि ढग असले की लॉटरी लागूनही अंधारच. एरवीच्या फेरीत तोच किरण दिव्याने दाखवतात. दागदा या देवाने हे घर बांधलं, पुढे त्याच्या मुलाने, एंगसने, युक्तीने ते बळकावलं, अशी कथा. जीपीएसमध्ये ‘न्यूग्रेंज’ टाकू नका, बॉइन नदीच्या भलत्याच काठाला जाल. तिकीट, फेरी, बस सगळं दक्षिण काठावरच्या ब्रू ना बोन्या केंद्रातून. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. समोरची चमकती पांढरी भिंत मात्र विसाव्या शतकातली पुनर्रचना आहे, हे लक्षात ठेवूनच फोटो काढा.

स्लायगोतली नॉकनरी टेकडी, 327 मीटर. माथ्यावर दंतकथेतल्या राणी मेव्हचा दगडांचा ढीग: सुमारे 55 मीटर रुंद, 10 मीटर उंच, कधीच न उकरलेला. राणीला आत उभी पुरली आहे, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या तिच्या शत्रूंकडे तोंड करून, असं सांगतात. ढिगावर चढायचं नाही, दगडही उचलायचा नाही. लोकांच्या पावलांनी कडा ढासळत चालल्यात. चढण सोपी आहे, पण वारा जॅकेटच्या शिवणीतून आत शिरतो.

शेवटी जायंट्स कॉजवे. सुमारे 40,000 बेसॉल्टचे खांब, दंतकथेतल्या महाकाय फिन मॅक कूलने स्कॉटलंडपर्यंत रचलेली वाट. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर दगड ओळखीचा वाटेल. पण कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहे. सीमेवर फाटक नाही म्हणून भारतीय पासपोर्टवाले फसतात: आयआरपी कार्ड (आयर्लंडमधला राहण्याचा परवाना) पुरत नाही, ब्रिटिश व्हिसा लागतो, आणि बसमध्ये तपासणी होऊ शकते. व्हिसा नसेल तर लाउथ काउंटी धरा. डनडॉकजवळ नॉकब्रिजला शेतात क्लोखाफारमोर नावाचा उभा दगड आहे, तीन मीटरच्या आसपास. मरता मरता दंतकथेतल्या कू हुलिन या योद्ध्याने उभं राहण्यासाठी स्वतःला त्यालाच बांधलं. खांद्यावर कावळा बसेपर्यंत शत्रू जवळ आले नाहीत. पावसानंतर ते शेत चिखलाचं असतं, गमबूट गाडीत ठेवा.