वणीला आठवडाभर चर्चा, हरिद्वारला ऐनवेळी धावपळ: सहल ठरवताना या चुका टाळा

सप्तशृंगीच्या गडावर सकाळी जाऊन रात्री परत यायचे असले, तरी आपल्याकडे खानदेशात आठ दिवस फोनाफोनी चालते. कोण येणार, डबा कोण आणणार, गाडी कोणाची, सगळ्यावर खल होतो. हरिद्वार-मसुरीच्या दहा दिवसांच्या सहलीचे तिकीट मात्र पोरांचा शेवटचा पेपर झाल्यावर बघायला घेतात, आणि तोवर स्लीपर भरलेला असतो. तयारी किती लागेल हे अंतरावर ठरत नाही. त्या सहलीत मोजकी मिळणारी गोष्ट कोणती आणि ती कधी खुली होते, यावर ते ठरते. ती गोष्ट आधी शोधा आणि तिथून मागे दिवस मोजा.

जायचे तिकीट काढले, यायचे राहिले

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. अजून बरीच घरे त्याच हिशेबात आहेत. जानेवारीत बघतात, तारीखच दिसत नाही, मग विसरतात. १० मे रोजी सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण ११ मार्चला खुले होते. हे दिवस दहावी-बारावीच्या परीक्षांचे, त्यामुळे घरात कोणाला भान नसते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ११ मार्चला लाल गोल करून ठेवा.

खरी फसगत परतीची होते. २० मेचे परतीचे तिकीट ११ मार्चला मिळतच नाही, ते २१ मार्चला खुले होते. जायचे पक्के झाले की निश्चिंत व्हायचे आणि परतीचे एप्रिलमध्ये बघायचे, हा नेहमीचा घोळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेकडून खाली येणाऱ्या गाड्यांनाही गर्दी असते. म्हणून कॅलेंडरवर गोल दोन करायचे.

आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेले नसेल तर तेही आधीच उरका. आरक्षण खुले झाल्यावर सुरुवातीच्या वेळात आधार पडताळलेल्या खात्यांनाच वाव मिळतो, आणि तत्काळ तर १ जुलै २०२५ पासून आधारशिवाय ऑनलाइन निघतच नाही. सकाळी ७.५५ ला ओटीपीची वाट बघत बसलेला माणूस तिकीट काढू शकत नाही.

रात्री बारानंतरची गाडी

जळगाव-भुसावळकरांचे हे खास दुखणे. मुंबईहून संध्याकाळी किंवा रात्री निघालेल्या बऱ्याच गाड्या आपल्याकडे मध्यरात्रीनंतर येतात. समजा गाडी मुंबईहून ९ मे रोजी रात्री ९ ला सुटते आणि जळगावला पहाटे ३ ला येते. तर जळगावपासूनच्या तिकिटावर १० मे ही तारीख असते आणि स्टेशनवर पोहोचायचे ९ तारखेच्या रात्री, जेवणे उरकून. लोक १० तारखेच्या रात्री ताठ मानेने बॅगा घेऊन येतात. गाडी तेव्हा दिल्लीच्याही पुढे गेलेली असते.

तत्काळचे गणितही इथेच चुकते. तत्काळ आदल्या दिवशी खुले होते, एसी सकाळी १० ला आणि स्लीपर ११ ला. पण तो आदला दिवस गाडी मूळ स्टेशनावरून निघते त्या तारखेपासून धरतात. वरच्या गाडीचे तत्काळ ८ मे रोजी उघडते, ९ ला नाही. कन्फर्म तत्काळ रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत, हे लक्षात ठेवूनच त्या वाटेला जा.

आपल्या स्टेशनचा कोटा संपला असेल तर तिकीट मूळ स्टेशनापासून काढा आणि चढण्याचे ठिकाण जळगाव, भुसावळ किंवा चाळीसगाव असे नोंदवा. भाडे पूर्ण अंतराचे पडते, पण मूळ स्टेशनाचा कोटा मोठा असतो. वेटिंगमध्येही फरक आहे. जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण यादी) वेटिंग पुढे सरकते, पीक्यूडब्ल्यूएल आणि आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या याद्या) मात्र बऱ्याचदा जागचे हलत नाही. पूर्ण वेटिंगमधले ऑनलाइन तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होते. पैसे मिळतात, पण त्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. “टीसीला सांगू, होऊन जाईल” या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना फलाटावर नेऊ नका.

सगळे एकाच तिकिटावर

एका तिकिटावर सहा जण बसतात, तत्काळमध्ये चारच. सहा जणांचे कुटुंब म्हणून सगळी नावे एकत्र टाकली जातात आणि आजी-आजोबांना वरचा बर्थ येतो. ६० वर्षांपुढचे पुरुष आणि ४५ वर्षांपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो प्रवासी एकटा असला किंवा तिकिटावर असे दोघेच असले तरच लागतो. मुला-नातवंडांची नावे त्यांच्याबरोबर टाकली की तो हक्क गेला. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढा, डबा वेगळा आला तर येऊ द्या. पायऱ्या चढताना हाताला धरायला कोणी तरी असले की पुरे.

दोन गोष्टी ओघात. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून बजेट करू नका. आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. अर्ध्या तिकिटात बर्थ नसतो, म्हणजे दोन रात्री ते पोर आईच्या पायाशी झोपणार.

आखाजीच्या आठवड्यात सहल

मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांचे वेळापत्रक बघून आपल्या तारखा ठरवल्या की हे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधलेले असतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो. त्या आठवड्यात घराला कुलूप लावले तर बहिणीचा राग वर्षभर पुरतो. त्याहून व्यवहाराचे कारण शेतकरी घरांना आहे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल आखाजीला संपते आणि नवे तिथूनच ठरते. जुना गेला आणि नवा बसला नाही, अशा आठ-दहा दिवसांत बैल आणि दुभती जनावरे कोणाच्या भरवशावर टाकणार? सहल आखाजीच्या किमान आठवडाभर पुढे ढकला.

मेमध्ये उन्हाचा पारा ४४-४५ ला गेला की केळीला पाण्यात खंड चालत नाही. ठिबक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. शेतीची वीज दिवसाची की रात्रीची, हे पाळीवर असते. मोटार चालू करणारा, फिल्टर धुणारा आणि नळी फुटली तर जोडणारा माणूस नावानिशी ठरवा. त्याला जाण्याच्या दोन दिवस आधी शेतात नेऊन व्हॉल्व्ह दाखवा, फोनवर समजत नाही. मृगबागेची (पावसाळ्याच्या तोंडावरच्या केळीची) लागवड आणि पावसाळी कापूस जूनमध्ये येतात, म्हणून परतीची तारीख मेअखेरच्या अलीकडे ठेवा. चार-आठ दिवस उशिरा आलात तर मजूर दुसऱ्याच्या शेतात गेलेले असतात.

भाड्याची गाडी: किलोमीटरचा करार

जळगाव, बुऱ्हाणपूर, खंडवा, ओंकारेश्वर, उज्जैन आणि परत, हा आपला आवडता फेरा. अंतर सातशे-साडेसातशे किलोमीटरच्या घरात. बहुतेक गाडीवाले रोजचे किमान किलोमीटर धरतात, बऱ्याचदा ३००. तीन दिवस म्हणजे ९०० किलोमीटरचे पैसे तुम्ही देणारच. हे आधी कळले तर उरलेल्या दीडशे किलोमीटरमध्ये महेश्वर बसते. नंतर कळले तर फक्त भांडण होते.

दिवस कसा मोजतात तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी तारीख बदलली की दिवस बदलतो. रात्री १० ला निघालात तर दोन तासांसाठी अख्खा दिवस लागतो. पहाटे ४ ला निघा, पैसेही वाचतात आणि चालकाची झोपही होते.

टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि मध्य प्रदेश किंवा गुजरातचा प्रवेशकर कोणाकडे, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी स्वस्त पडते. पण खासगी गाडी भाड्याने वापरली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळी पाटी बघूनच इसार द्या. आणि १७ सीटरमध्ये १७ माणसे बसवू नका. बॅगांना जागा उरत नाही आणि शेवटच्या रांगेत नेमके मोठी माणसेच कोंबली जातात. १३-१४ जण ठीक.

एसटीने जाणार असाल तर महिलांचे अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांचा मोफत प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच धरा. सुरत किंवा इंदूरच्या गाडीत सीमेपुढचे भाडे द्यावे लागते.

बंदचा वार

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पाहुण्यांना रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा दाखवायचे ठरवून लोक फर्दापूरच्या फाट्यावरून परत फिरतात. शनिवार-रविवारी दोन्ही होतात, बुधवारपासून शुक्रवारपर्यंत तर गर्दीही कमी. अजिंठ्याला स्वतःची गाडी फाट्यावर लावावी लागते. तिथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर बसने जायचे असते, दोन्ही वेळचा तो वेळ धरा. नंदुरबारकडची मंडळी एकता नगरला जातात, तिथला सरदार पटेलांचा पुतळाही सोमवारी बंद असतो.

देवदर्शन म्हणजे तयारी नको, हा समज

सप्तशृंगी गडाला खरोखर दोन दिवसांची तयारी पुरते, पण चैत्रोत्सव आणि नवरात्र वगळून. त्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, रांगेचा वेळ धरा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. कुंभाला जायचे नसेल तर त्या तारखांच्या आसपास नाशिकमार्गे काहीही ठरवू नका.

लांबच्या तीर्थांचे उलटे. तिरुपतीचे ३०० रुपयांचे विशेष दर्शन साधारण तीन महिने आधी ऑनलाइन खुले होते, म्हणजे रेल्वेच्याही आधी. त्यामुळे क्रम असा: आधी दर्शनाची तारीख, मग गाडी. उज्जैनची भस्म आरती आधी नोंदवावी लागते. चारधामला नोंदणी सक्तीची आहे आणि केदारनाथचे हेलिकॉप्टर फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळते. व्हॉट्सअॅपवर “दोनच सीट उरल्या” म्हणणाऱ्याला पैसे पाठवले की गेले. गंगोत्री-यमुनोत्रीची दारे अक्षय तृतीयेलाच उघडतात, म्हणजे आपली आखाजी तिथल्या पहिल्या गर्दीच्या तोंडावर येते. केदारनाथ ३,५०० मीटरहून उंच आहे. ४३ अंशांतून निघालेल्या माणसाला तिथली थंडी आणि विरळ हवा एकदम सोसत नाही, म्हणून मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. अमरनाथला वय १३ ते ७० हीच मर्यादा आहे आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. ७२ वर्षांच्या आजोबांचे तिकीट काढून झाल्यावर हे कळायला नको.

जवळच्या जागेला जास्त बांधणे

तोरणमाळ, पाल, पाटणादेवी, उनपदेव या जागांना तासातासाचा कार्यक्रम आखून काही मिळत नाही. तोरणमाळला शहाद्यातच टाकी भरा आणि रोख पैसे घ्या. घाटात पावसाळ्यात धुके आणि दरडी असतात, म्हणून अंधाराआधी खाली उतरा. मुक्काम करायचा असेल तर खोली आधी ठरवा. बाकी सकाळी उठून ठरले तरी चालते.

पासपोर्ट

परदेशी जाताना आई-बापाचा पासपोर्ट बघतात, पोराचा नाही. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, आणि बऱ्याच देशांना तिथे पोहोचताना सहा महिन्यांची मुदत उरलेली लागते. आधारवर आडनाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असे असेल तर दुरुस्तीतच महिने जातात. तिकीट त्यानंतर काढा. थायलंडला १ मे २०२५ पासून पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो, तो फुकट आहे.

कुलूप लावण्याआधी

नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येते त्या गावांत ही चूक महागात पडते. तोटी उघडी राहते, पाणी येते आणि घरभर होते. मुख्य कॉक बंद करा, फक्त फ्रिज बंद करून भागत नाही. शिदोरीला पाण्यात कणीक भिजवून केलेल्या पोळ्या नकोत, मेमध्ये दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरल्या तर मात्र त्यांनाही वाफेने बुरशी धरते. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या. ठेचा न्यायचा तर तेलात परतून, कांदा न घालता.