आधी चौकोन, मग कोड

जुन्या मासिकांचा डिजिटल संग्रह उभारायचाय? मी आधी कागदावर चौकोन काढते: मासिक, खंड, अंक, लेख, लेखक. मग त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि रेघांवर एकाला किती ते आकडे टाकते. एका खंडात अनेक अंक, एका लेखाचे अनेक लेखक. हाच आराखडा डीस्पेस 7 या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरच्या रिलेशनशिप-टाइप्स या एक्सएमएल फाइलीत उतरवा आणि ती फाइल आत घेणारी इनिशियलाइज-एन्टिटीज ही कमांड चालवा. चौकोनांमधल्या नात्यांसाठी वेगळा कोड लागत नाही.

खरी मेहनत तारखेची. अंकावर छापलेलं असतं ‘कार्तिक, शके 1842’. तारखेच्या फील्डमध्ये 1920 भरा, पण छापील मजकुरासाठी आराखड्यातच स्वतंत्र फील्ड ठेवा. मी पहिल्या खेपेला ते ठेवलं नव्हतं. सगळे अंक पुन्हा उघडावे लागले. पुढे काही बदलायचं झालं, तर आधी आराखडा बदला, मगच माहिती भरायचा फॉर्म.